मुलीबद्दल तीन चांगल्या गोष्टी

डार्मश्टाटमध्ये असताना सहा-सात वर्षं मी एक काम केलं, ज्याला मराठीत नेमकं नाव नाही. शाळेत, परदेशी लोकांच्या कचेरीत, दवाखान्यात, जिथे कुणा बाईला एकटीने जायची धास्ती वाटते, तिथे तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसायचं. तिच्या वतीने बोलायचं नाही. वही उघडायची, वर तारीख घालायची आणि कोण काय बोललं ते उतरवून घ्यायचं. तिचा घसा कोरडा पडला तर पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवायचा. अशा सोबतिणीला जर्मनमध्ये बायश्टांड म्हणतात आणि तिला बरोबर नेण्याचा हक्क सगळ्यांना असतो. हे मला विद्यापीठात कुणी सांगितलं नाही, आमच्या मराठी मंडळात तर नाहीच नाही. मला ते सांगितलं काळ्या बायकांनी.

'काळ्या' हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. त्या स्वतःला तसंच म्हणायच्या, मान वर करून. आमच्या घरात हा शब्द आवाज खाली आणून उच्चारला जायचा. माझी मुलगी माझ्यापेक्षा बरीच गडद. तिला आम्ही 'सावळी' म्हणायचो, आणि सासूबाई फोनवर मला धीर द्यायच्या, "उजळेल गं हळूहळू." मीही "हो ना" म्हणून हसायचे. 'अहो आई, उजळायला ती काय पितळेचं भांडं आहे?' असं तेव्हाच म्हणायला हवं होतं. मला ते सुचलं फार उशिरा, आणि सुचलं तेव्हा त्या ऐकायला नव्हत्या.

दोन हजारच्या दशकाचा मध्य असेल. मी तिथल्या तांत्रिक विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी करत होते. नवरा वाल्डॉर्फला एका सॉफ्टवेअर कंपनीत; सकाळी सातला निघायचा तो संध्याकाळी सातला परत. मुलगी दुसरीत. आम्ही तिच्याशी मराठीत बोलायचो, ती जर्मनमधून उत्तरं द्यायची आणि कुणाचं काही अडायचं नाही. घरी तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असे. शाळेत मात्र बाईंनी काही विचारलं की ती जमिनीकडे बघायची, फार तर दोन शब्द कुजबुजायची.

ऑक्टोबरात वर्गाच्या बाईंनी मला भेटायला बोलावलं. शाळा सुटल्यावर लगेचची वेळ होती, म्हणून मुलीलाही बरोबरच ठेवलं. बाई तरुण होत्या, बोलायला मऊ होत्या. त्यांनी विचारलं, "ती घरी कशी असते?"

आणि मी तेच केलं, जे आमच्या पुण्याच्या गल्लीतल्या कुठल्याही आईने केलं असतं. म्हटलं, "घरीसुद्धा हट्टीच आहे हो. अभ्यासात लक्ष म्हणून नाही. जरा मंदच आहे डोक्याने. तुम्हीच बघा आता काय करायचं ते. तुम्हाला योग्य वाटेल ते करा, आमचं काही म्हणणं नाही."

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. पण हे बोलणं खरं-खोटं ठरवण्यासाठी नसतंच मुळी. मी वर्गात पहिली यायचे तेव्हा माझी आई शेजारणींना सांगायची, "कसली हुशार, नशीब म्हणून आली." माझ्या बाईंना भेटली की म्हणायची, "अगदी ढ आहे, चार फटके दिलेत तरी चालतील." त्यावर आमच्या बाईंनी लगेच म्हणायचं असतं, "अहो काहीतरीच काय, किती गुणी आहे तुमची मुलगी!" आई आपल्या पोरीला खाली ओढते, बाई वर उचलतात, दोघी हसतात, पोरीला दृष्ट लागत नाही आणि बाईंचा मान राहतो. हा खेळ मी लहानपणापासून पाहिला होता. तो दोघींनी मिळून खेळायचा असतो, हे मात्र मी विसरले. जर्मन बाईंनी माझ्या मुलीला वर उचललं नाही. त्यांनी मान डोलावली, "आहा, गेनाऊ", म्हणजे 'अच्छा, बरोबर', म्हणाल्या आणि समोरच्या कागदावर लिहून घेतलं.

मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. इतकंच मला तेव्हाचं आठवतं, कारण मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

जानेवारीत शाळेचं तपकिरी पाकीट आलं. 'आपल्या मुलीने शरद ऋतूपासून वर्गात कुजबुजणंही बंद केलं आहे. ती फ्योर्डरशूलेसाठी योग्य आहे का याची तपासणी व्हावी, असा प्रस्ताव आहे.' फ्योर्डरशूले म्हणजे शिकण्यात मागे पडणाऱ्या मुलांची वेगळी शाळा. तिथे गेलेलं मूल परत नेहमीच्या शाळेत आलेलं मी कुणाकडूनही ऐकलं नव्हतं.

नवऱ्याने पत्र दोनदा वाचलं. "अगं, पण त्या शिकलेल्या आहेत ना या विषयात? त्या म्हणतायत तर काहीतरी असेलच." मी त्याच्यावर इतकी उखडले की शेजारच्यांनी भिंत ठोकली. खरं तर मी ऑक्टोबरात तेच बोलून आले होते, फक्त जास्त शब्दांत. मंडळातल्या ज्या ताईंना मी फोन केला त्या जिव्हाळ्याने म्हणाल्या, "हे बघ, कुणाला बोलू नकोस. उद्या मुलीच्या नावावर शिक्का बसतो. गणपतीला सगळे भेटतातच, उगाच चर्चा नको." त्यांचा हेतू चांगला होता. पण फोन ठेवल्यावर मला कळलं, की आता हे मला एकटीनेच वाहायचं आहे.

दोन दिवसांनी शाळेसमोरच्या ट्राम थांब्यावर मी ते पाकीट हातात घेऊन उभी होते. रडत होते म्हणा ना. तिथे एक बाई माझ्याजवळ आली. माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलीची ती आई. मूळची घानाची, वृद्धाश्रमात नर्सिंगचं काम करायची, अंगाने भरदार, चालताना घाई नसलेली. तिला मी ओळखत होते आणि टाळतही होते. आदल्या उन्हाळ्यात तिने आमच्या मुलीला आपल्या मुलीच्या वाढदिवसाला बोलावलं होतं. मी सांगितलं होतं, आम्ही बाहेरगावी आहोत. त्या दिवशी आम्ही घरीच होतो. मी पडदे धूत होते. कारण काय होतं? कारण ती काळी होती, आणि मला भीती होती की जर्मन आया आम्हाला त्यांच्यात मोजतील. हे लिहिताना आजही लाज वाटते, आणि वाटावीच.

तिने पाकिटाकडे बघितलं. इंग्रजीत म्हणाली, "सिस्टर, हे पाकीट मला माहीत आहे. माझ्या मोठ्या मुलीसाठी आलं होतं. मुलगी आता गिम्नाझियममध्ये आहे." मग तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "शनिवारी तीन वाजता ये. कागद घेऊन ये. एकही कागद घरी ठेवू नकोस. आणि तोवर शाळेत एकटीने पाऊल टाकू नकोस."

गिम्नाझियम म्हणजे हुशार मुलांची शाळा, जिथे जावं म्हणून आमच्या मंडळात मुलांना चौथीपासून धारेवर धरायचे.

शनिवारी मी गेले. एका चर्चच्या मागची खोली, लांब टेबल, कोपऱ्यात कॉफीचे थर्मास, टेबलावर जाडजूड ऑर्डनर फायली आणि भोकं पाडायचं यंत्र. सात-आठ बायका होत्या. घानाची, कॅमेरूनची, दोघी एरिट्रियाच्या, आणि उरलेल्या इथेच जन्मलेल्या. एकीची भाडेकराराची भानगड चालली होती, दुसरीला मुलाच्या जन्मदाखल्यासाठी तिसऱ्यांदा परत पाठवलं होतं. कुणी कुणाला 'बिचारी' म्हणत नव्हतं. "कोण जाणार हिच्यासोबत? मंगळवारी नऊ वाजता?" असं विचारलं जायचं, एक हात वर यायचा, डायरीत लिहिलं जायचं, पुढचा कागद. आमच्या मंडळाच्या बैठकीत मोदक किती मागवायचे यावर एक तास जातो. इथे एका तासात चार जणींचं संकट वाटून घेतलं गेलं.

टेबलाच्या टोकाला पन्नाशीच्या आसपासची एक बाई बसली होती. कापलेले पांढुरके केस, नाकावर चष्मा. ती बोलायला लागली आणि मी चक्रावले, कारण तिची जर्मन इथल्या भाजीवाल्यांसारखी होती, ठसठशीत हेसनची बोली. मी विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"बेसुंगेनची." बेसुंगेन म्हणजे डार्मश्टाटचाच एक भाग, माझ्या प्रयोगशाळेपासून पायी जाण्यासारखा.

"हो, पण मूळच्या?"

सगळ्या टेबलावर हसू पसरलं. ती शांतपणे म्हणाली, "मूळची पण बेसुंगेनचीच. आजीचं घर चढावर होतं, आम्ही नंतर खाली आलो." मला हाच प्रश्न ट्राममध्ये आठवड्यातून दोनदा विचारला जायचा आणि दर वेळी माझ्या अंगाची लाही व्हायची. तोच मी तिला विचारला होता. तिने मला कॉफी ओतून दिली.

तिचे वडील अमेरिकन सैनिक होते, काळे. ती जन्मायच्या आत त्यांची बदली झाली. आई इथली गोरी, लग्न न झालेली. पहिलीत असताना मुख्याध्यापकांनी आईला बोलावून सांगितलं, ही मुलगी आमच्या शाळेत बसणार नाही, तिला मंदबुद्धींच्या शाळेत घाला. "आई खुर्चीच्या टोकावर बसली होती," ती म्हणाली. "शरमेने लाल झालेली. प्रत्येक वाक्याला 'या, या' म्हणत होती. म्हणजे हो, हो. तिच्या शेजारी कुणी नव्हतं. मी होते, पण मी सहा वर्षांची होते." पुढे नोकरी करत, रात्रशाळेतून तिने राहिलेलं शिक्षण पुरं केलं आणि न्यायालयात टायपिस्ट झाली. वीसेक वर्षं ती लोकांचं बोलणं टाइप करत होती. त्यामुळे बोललेल्याचं कागदावर काय होतं, हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

तिने पहिलीच गोष्ट सांगितली, "तुझ्या मुलीची फाइल बघ. तो तुझा हक्क आहे. मी येते."

पुढच्या आठवड्यात आम्ही शाळेच्या कार्यालयात फाइल उघडली. ऑक्टोबरच्या भेटीचा प्रोटोकोल, म्हणजे कोण काय बोललं त्याची नोंद, तीन ओळींची होती. 'आईच्या सांगण्यानुसार मुलगी घरीही हट्टी असून अभ्यासात रस घेत नाही. आई तिला मंद समजते. पुढील पावलांना आईची संमती आहे.'

एकही शब्द खोटा लिहिलेला नव्हता. मला रागवायला जागाच उरली नाही. माझ्या प्रयोगवहीत मी कधी एक आकडा अंदाजाने लिहिला नव्हता, आणि माझ्या लेकीबद्दल मी सरकारी कागदावर हे लिहवून आले होते. टायपिस्टबाईंनी चष्मा काढून पुसला. "तू असं म्हणालीस?" मी "हो" म्हटलं. मनात काहूर माजलेलं असतानाच मी त्यांना तो सगळा खेळ समजावून सांगितला, आई, बाई, दृष्ट, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "हे खोडता येणार नाही. पण त्याच्याखाली आणखी लिहिता येतं." हे मला पटलं. प्रयोगशाळेतही आम्ही चूक खोडत नाही. एक रेघ मारतो आणि बाजूला बरोबर लिहून सही करतो.

शाळेने फेब्रुवारीत बैठक ठेवली. वर्गाच्या बाई, मुख्याध्यापिका आणि फ्योर्डरशूलेच्या एक तज्ज्ञ बाई असणार होत्या, आणि मुलीलाही आणायचं होतं. तिची शाळा त्या तासाभरात ठरणार होती. नवऱ्याला त्या दिवशी सुटी मिळेना, आणि खरं सांगायचं तर मीही फार आग्रह केला नाही. तो तिथे येऊन "तुम्हाला योग्य वाटेल ते" म्हणाला असता तर मी त्याला कधीच माफ केलं नसतं.

आदल्या शनिवारी त्या बायकांनी माझी तालीम घेतली. त्यांची ही रीतच होती. कुणालाही न घासता-पुसता साहेबापुढे उभं करायचं नाही. कॅमेरूनची बाई मुख्याध्यापिका झाली, नाकावर चष्मा ओढून, ओठ आवळून, इतकी हुबेहूब की सगळ्या खिदळल्या. तिने विचारलं, "आल्झो, बरं तर, तुमच्या मुलीबद्दल तीन चांगल्या गोष्टी सांगा."

मी तोंड उघडलं आणि काही बाहेर येईना.

"ती... फार त्रास देत नाही," मी म्हटलं.

"ही चांगली गोष्ट नाही. ही वाईट गोष्ट नसणं आहे. पुढे."

"दिलेलं खाते."

पुन्हा हशा. माझे कान तापले. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "आमच्यात नाही करत असं स्वतःच्या पोरांचं कौतुक! वाईट दिसतं ते!"

हसणं थांबलं. घानाची बाई माझ्याकडे वळली. "आमच्यातही नाही करत. माझ्या आईने शिक्षकांना छडी स्वतः नेऊन दिली होती, माझ्यासाठी. ते शिक्षक आमच्या गावचे होते, त्यांना माहीत होतं ती माझ्यावर किती जीव टाकते. ही बाई तुझ्या गावची नाही, सिस्टर. तिला तू सांगशील तेवढंच कळणार." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तू म्हणतेस तुझी मुलगी बोलत नाही? डिसेंबरात माझी मुलगी कांजिण्यांनी दहा दिवस घरी होती. तुझी मुलगी रोज दुपारी तिला फोन करायची. बाई काय म्हणाल्या, कुठलं पान, कुठलं गणित, सगळं पाठ. वहीत न बघता. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

मला हे माहीतच नव्हतं. त्या दिवसांत प्रयोगशाळेतून घरी फोन केला की तो सारखा एंगेज लागायचा, एवढंच मला माहीत होतं, आणि त्याबद्दल मी तिला रागावलेही होते.

"आणखी एक सांगू?" ती म्हणाली. "वर्गात गोल करून हात धरायचे असतात सकाळी. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात एका मुलीने तुझ्या मुलीचा हात धरला नाही. धुऊन ये म्हणाली. तेव्हापासून माझी तिच्या शेजारी उभी राहते."

मी रडले. मला वाटलं कुणीतरी जवळ घेईल. घेतलंही, पण मुख्याध्यापिका झालेल्या कॅमेरूनच्या बाईने चष्मा पुन्हा नाकावर ओढला आणि म्हणाली, "ठीक आहे. आता तीन गोष्टी." त्या दुपारी मी ती वाक्यं निदान पंधरा वेळा म्हटली असतील. पहिल्या पाच वेळा प्रत्येक वाक्याच्या शेवटी मी 'पण' लावत होते. 'हुशार आहे, पण...' तो 'पण' त्यांनी माझ्या तोंडातून उपटून काढला.

निघताना मी टायपिस्टबाईंना विचारलं, मी यांच्यासाठी काय करू शकते, त्यांच्या गटाची सभासद होऊ का. त्या म्हणाल्या, "गट आमचा आहे. पहिल्या रविवारी आम्ही काळ्या बायका फक्त आपापसात बसतो, त्याला तू यायचं नाहीस. पण शेजारची खुर्ची कुणाचीही असते. तुझं झालं की पुढच्या बाईच्या शेजारी बस." रविवारचं ऐकून मला थोडं लागलं. मग आठवलं, पडदे धुताना मला त्यांच्यात मोजून घ्यायचं नव्हतं. आणि अशाही गोष्टी असतात ज्या माझ्यासमोर त्यांना प्रत्येक वेळी समजावून सांगत बसाव्या लागल्या असत्या. दमलेल्या माणसाला तेवढी तरी सुटी हवीच.

बैठकीच्या दिवशी टायपिस्टबाई न्यायालयातून अर्धी रजा काढून आल्या. इस्त्रीचा निळा कोट, हातात वही. मुख्याध्यापिकांनी विचारलं, "आपण नातेवाईक?" त्या म्हणाल्या, "बायश्टांड," आणि माझ्या शेजारी बसल्या. त्यापलीकडे तासभर त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. पण त्यांचं पेन चालायला लागलं तशी समोरच्या तिघींची वाक्यं जपून यायला लागली. मी ते डोळ्यांनी पाहिलं. मुलीला खोलीच्या कोपऱ्यात छोट्या टेबलाशी चित्र काढायला बसवलं होतं.

वर्गाच्या बाईंनी ऑक्टोबरचा प्रोटोकोल वाचून दाखवला. 'आई तिला मंद समजते.' कोपऱ्यातली रंगकांडी थांबली. मला बोलायचं होतं आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती. पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकला.

मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "ते मी बोलले होते. ते खरं नाही. माझ्या गावी आई शिक्षकांपुढे स्वतःच्या मुलीचं कौतुक करत नाही, तिला कमी करून सांगते. ती आमची सभ्यता आहे. मी इथे ती वापरली, ही माझी चूक. कृपया हे लिहून घ्या. आता मी माझ्या मुलीबद्दल तीन गोष्टी सांगते.

"एक, तिची मैत्रीण आजारी होती तेव्हा दहा दिवस तिने वर्गात झालेलं सगळं लक्षात ठेवून तिला फोनवर सांगितलं. तुम्ही जे बोलता ते तिला सगळं समजतं. दोन, ती एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते, माझ्या भाषेत ऐकलेली तुमच्या भाषेत. तीन, तिच्याशी कुणी वाईट वागलं तरी तिने घरी येऊन कुणाचं नाव घेतलेलं नाही. तिच्यात फार धीर आहे. त्या धीराची तिला गरज पडू नये इतकंच मला वाटतं."

एकाही वाक्याच्या शेवटी 'पण' आला नाही.

तज्ज्ञ बाईंनी वर्गाच्या बाईंना विचारलं, "फोनचं हे तुम्हाला माहीत होतं?" बाई लाल झाल्या. वाईट नव्हत्या त्या. त्यांनी आपल्या वहीची पानं उलटली, डिसेंबरात ती आजारी मुलगी परत आल्यावर तिचा अभ्यास कसा पुरा होता याची त्यांनी स्वतःच नोंद केली होती. "मला वाटलं तिच्या आईने करून घेतला," त्या म्हणाल्या. मग हात धरण्याचं काय, असं मी विचारलं. टायपिस्टबाईंनी तो प्रश्नही वहीत उतरवला.

तपासणी रद्द झाली असं नाही, जर्मनीत काही रद्द होत नाही. ती शालेय वर्षाच्या अखेरीपर्यंत पुढे ढकलली. मुलगी त्याच वर्गात राहणार, आठवड्यातून एक तास बोलण्याच्या सरावाला एक बाई येणार, आणि माझं म्हणणं फाइलमध्ये लागणार. वर्षअखेरीला तपासणीचा विषय पुन्हा निघाला नाही. टायपिस्टबाईंनी बैठकीच्याच दुपारी पत्र टाइप करून शाळेला पाठवलं, 'आज ठरल्याप्रमाणे' असं सुरू होणारं. बैठक संपल्यावर शाळेच्या फाटकाशी त्यांनी माझ्या मुलीशी हस्तांदोलन केलं, मोठ्या माणसाशी करतात तसं, आणि घाईने न्यायालयाकडे गेल्या.

आम्ही दोघी ट्राममध्ये बसलो. मुलगी खिडकीच्या बाजूला. दोन थांबे गेले. मग जर्मनमध्ये म्हणाली, "आई, म्हणजे ते पहिलं खोटं होतं?"

"हो," मी म्हटलं. "साफ खोटं होतं."

ती बाहेर बघत राहिली. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली होती. "मला वाटलं खरं असेल," ती म्हणाली. "तू आई आहेस ना. मला वाटलं, तुला माहीत असणारच."

तेव्हा माझ्या डोक्यात पत्रातली ती ओळ आली. शरद ऋतूपासून कुजबुजणंही बंद. मी ती किती वेळा वाचली होती, नवऱ्यावर ओरडले होते, शाळेला शिव्या घातल्या होत्या. ऑक्टोबरात ती माझ्या शेजारी बसली होती, पाय लोंबकळत. हात न धरणाऱ्या मुलीनंतरही ती कुजबुजत होती. माझ्यानंतर थांबली.

मी तिचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि त्या तिन्ही गोष्टी पुन्हा सांगितल्या, या वेळी मराठीत, कारण त्या मला मराठीत कधी म्हणताच आल्या नव्हत्या. माझा आवाज बहुतेक फार चढला असावा. पुढच्या बाकावरच्या आजीबाई वळून बघायला लागल्या, मागचे दोन विद्यार्थी गप्प झाले.

"आई, हळू," माझी न बोलणारी मुलगी लाजून म्हणाली. "सगळे ऐकतायत."

"ऐकू दे," मी म्हटलं, आणि तिसरी गोष्ट परत पहिल्यापासून सांगितली.